आनाबाईचा राग

औंधाच्या अलीकडे, माळाला पाठ लावून बसलेलं एक गाव. त्या गावातला केरबा लढाईवरून परत आला तो जर्मन बोलत आला, ही बातमी आधी पारावर पोचली आणि मग देवळात. खरी मात्र कोणालाच वाटेना. "बोल की रं गड्या जरा," म्हणून पारावरचा नानासो त्याच्या मागं लागायचा, आणि केरबा चार शब्द बोलला की मांडीवर थाप मारून म्हणायचा, "ह्ये तर जतंकडलं कानडी हाय! मी मेंढरं घ्यायला जातो तवा ऐकतो की."

केरबा हसण्यावारी न्यायचा. पण त्याच्याजवळ एक ठेव होती, आणि ती त्याला जेवू देत नव्हती. एका म्हातारीचा निरोप. सात समुद्रांपलीकडून त्यानं तो तोंडात धरून आणला होता, जसं मांजर पिलू धरून आणतं, दात लागू न देता.

लढाईच्या आधी केरबा कोंडीबाबुवांच्या कीर्तनात मागं टाळ धरून उभा राहायचा. अक्षरओळख बेताचीच. पण बुवांच्या तोंडून एकदा अभंग निघाला की तो केरबाच्या कानातून हातात उतरायचा आणि हातातून अंगात मुरायचा. चरण कुठं मोडायचा, कुठं दम घ्यायचा, बुवा 'विठ्ठल' म्हणताना 'ठ्ठ'वर कसे किंचित थांबतात, सगळं जसंच्या तसं. बुवांना खोकला आला तर केरबाच्या अभंगातही ती जागा रिकामी राहायची. लोक हसायचे, पण बुवा म्हणायचे, "हसू नका. ऐकावं तर असं."

पुढं पलटण आफ्रिकेच्या वाळवंटात गेली आणि केरबाची तुकडी शत्रूच्या हाती सापडली. आधी इटालीत ठेवलं, तिथून जर्मनीत नेलं. जर्मनीच्या दक्षिणेकडच्या एका खेड्यात कैद्यांना शेतावर कामाला लावत, कारण गावातले तरणे गडी सगळे लढाईवर. केरबा पडला आना नावाच्या म्हातारीच्या, त्याच्या आनाबाईच्या वाट्याला. उंच, वाळकी, आवाज तवा खरवडल्यासारखा. गाईवर ओरडायची, केरबावर ओरडायची, बंदूकवाल्या पहारेकऱ्यावरही ओरडायची. पण भाकरी कापताना कैद्याची वेगळी आणि घरची वेगळी असं तिनं कधी केलं नाही. केरबाला ताप भरला तेव्हा उशाशी बसून शिव्या देत देत तिनं त्याला दूध पाजलं. तिच्या शिव्यांतूनच तो जर्मन शिकला.

एकदा बटाटे काढताना तिनं विचारलं, तुझं गाव कुठलं? गावाचं नाव सांगून तिला काय कळणार, म्हणून केरबा म्हणाला, "सातारा."

आनाबाईच्या हातातली पाटी खाली पडली.

"सात्तारा?"

त्या परमुलखात, त्या काळ्या थंड मातीत, गोऱ्या म्हातारीच्या तोंडून आपल्या जिल्ह्याचं नाव ऐकून केरबाच्या अंगावर सर्रकन काटा आला. त्याला वाटलं, आपल्याला पुन्हा ताप चढला. पण आनाबाई दोन्ही हातांनी त्याचे खांदे धरून हलवत होती. तिचा थोरला, हानेस, पाद्री होऊन हिंदुस्थानात गेला होता. जतेकडच्या कुठल्याशा गावात शाळा चालवत होता. लढाई पेटली तशी इंग्रजांनी त्याला धरलं आणि इतर जर्मनांबरोबर छावणीत नेऊन ठेवलं, आणि ती छावणी होती साताऱ्यात. केरबा मटकन सरीतच बसला. हाच योग बुवांनी कीर्तनात सांगितला असता, तर लोक म्हणाले असते, बुवा आज जरा जास्तच रंगवतायत.

लढाई संपत आली तसं टपाल बंद पडलं. चिठ्ठी नेण्यात अर्थ नव्हता, झडतीत ती कोणाच्या हाती लागली तर केरबाच गोत्यात यायचा. तेव्हा आनाबाईनं निरोप त्याच्या तोंडात घातला. ती पुढं कुदळीनं सरी उकलायची, केरबा मागून बटाटे वेचायचा, आणि निरोप चालायचा. तिनं म्हणायचं, त्यानं म्हणायचं. चुकला की मातीचं ढेकूळ पाठीत. शेवटी इंग्रजांच्या दोस्तांचे रणगाडे गावात शिरले, कैदी सुटले, तेव्हा आनाबाईनं त्याचा हात धरून एवढंच विचारलं, "सांगशील?"

"विठोबाची आन," केरबा मराठीत म्हणाला. तिला ते कळलं.

---

दिवाळी झाल्यावर केरबा साताऱ्याला छावणीच्या फाटकाशी गेला. डोक्याला पटका, अंगात पलटणीचा कोट. फाटकाशी एक मडम उभी होती, हातात छत्री. जर्मनच असणार. केरबानं पायताण जुळवून सलाम ठोकला आणि आनाबाईच्या गावात सकाळी म्हणत तसं म्हणाला, "ग्रूस गॉट!" देव तुमचं भलं करो.

मडमेनं डोळे मोठे केले. केरबानं पुढं आनाबाईच्याच बोलीत सांगितलं, मी हानेसला शोधतोय. तशी मडम हसायला लागली. आधी तोंडावर हात धरून, मग हात सोडून. तिनं मागच्या दुसऱ्या बाईला हाक मारली, दोघी मिळून हसल्या, आणि मग ती केरबाशी भराभर, लांबलचक काहीतरी बोलली. परटाच्या घडीचं बोलणं, कुठं सुरकुती नाही. त्या सगळ्यात केरबाला एकच शब्द ओळखता आला: 'बाउअर'. कुणबी.

केरबा जागच्या जागी गारठला. हसल्याचं काही नव्हतं, गावातही हसतच होते. पण एवढे दिवस जर्मनीत राहून, जर्मनीचं अन्न खाऊन, जर्मन माणसाचं बोलणं आपल्याला कळत नाही? मग आपण तिकडं शिकलो ते काय? नानासो म्हणतो तसं कानडीच तर नव्हे?

फाटकावरच्या पोलिसाला त्याची दया आली. "पाद्री सायेब आजारी हाय, पुण्याला दवाखान्यात नेलाय. पौष लागल्यावर ये. पर लय उशीर करू नगंस. कोण हिंदुस्थानात राहणार आन् कोण बोटीनं माघारी जाणार, त्याची नावं घ्यायचं चाललंय. एकदा कागद वर गेला की बदलत न्हाई."

घरी आल्यावर अंजनानं, त्याच्या कारभारणीनं, ताट पुढं सारलं. "दिला का निरोप?"

"न्हाई. सायेब न्हवता." मग थोड्या वेळानं, "हसली बाई मला."

"कोण?"

"मडम. माझं जर्मन गावंढळ हाय म्हनं."

"आवं, तुमचं मराठी तरी कुठं बामणाचं हाय?" अंजना म्हणाली. "म्हातारीचं वज्झं एकदाचं उतरवा. मोट हाणताना बैलांना जर्मन ऐकवताय, ती बी बावचळल्यात."

पण केरबाच्या मनात ते हसू रुतलं. आपल्याला हसल्या ते ठीक. उद्या शिकल्यासवरल्या पाद्री साहेबापुढं आपण असं बोललो आणि तोही हसला, तर हसू आनाबाईला लागेल. त्यानं कोंडीबाबुवांना सांगितलं. बुवा भाबडे, मायाळू. त्यांनी विचार केला आणि म्हणाले, "केरबा, देवाला जाताना आपण मळकं नेसतो का? धुतलेलं नेसतो. निरोपही धुऊन ने. सांगलीला माझे एक स्नेही आहेत, तवनाप्पा मास्तर. जैन आहेत, पण माझं कीर्तन कधी चुकवत नाहीत. जैनांच्या जुन्या ग्रंथांवर जर्मन पंडितांनी लिहून ठेवलंय, ते वाचायला मास्तर जर्मन शिकले. त्यांच्याकडे जा."

बुवांचा शब्द तो. केरबानं रहिमतपूरला गाडी धरली.

---

तवनाप्पा मास्तरांनी त्याला दारातच मिठी मारायची बाकी ठेवली. "तुम्ही जर्मनीत होतात? प्रत्यक्ष? बसा, बसा. गुणमाला, पाणी आण. अहो, मी इतकी वर्षं ती भाषा वाचतो, पण जर्मन माणसाच्या तोंडून एक शब्द ऐकलेला नाही. व्याकरणाच्या पुस्तकात उच्चारांचं प्रकरण असतं, तेवढाच आधार. म्हणा, तुमचा निरोप म्हणा."

मास्तरांनी डोळे मिटले, जसे कीर्तनात नमनाला मिटतात. केरबा म्हणू लागला:

"हानेस, इ लेब नो. डर फाडर इश गश्टोर्बा, एम बेट, नेत एम क्रिअग..."

मास्तरांनी डोळे उघडले. मग चष्मा लावला, जणू चष्म्यानं ऐकू येईल. मग त्यांचा चेहराच पडला.

"केरबा, ही जर्मन नव्हे."

"आवं मास्तर, जर्मनीतली म्हातारी बोलली की!"

"मला त्यातलं अक्षर कळलं नाही. अर्थ सांगा पाहू."

केरबानं अर्थ सांगितला. हानेस, मी अजून जिवंत आहे. बाप गेला, अंथरुणात गेला, लढाईत नव्हे. छप्पर फुटलंय पण भिंती उभ्या आहेत. मी तुझ्यावर रागावलेय. घरी ये, मग तुला शिव्या घालते.

अर्थ कळला तसे मास्तर ताडकन उठले. "अहो, म्हणजे 'इख लेबे नोख'! 'डेर फाटर इस्ट गेश्टोर्बेन'! जर्मनच की! पण काय अवस्था करून टाकली आहे तिची. 'इस्ट' म्हणजे 'आहे'. तुम्ही 'इश' म्हणता. 'निख्त' म्हणजे 'नाही'. तुम्ही म्हणता 'नेत'."

केरबा चाट पडला. "म्हंजी त्यांच्यातबी आहे आन् हाय, नाही आन् न्हाई, असं हाय म्हना की."

आतून गुणमालाबाईंचं, मास्तरांच्या पत्नीचं, हसू ऐकू आलं. "आता जर्मनांतही हायवाले निघाले!"

"असणारच की," मास्तर म्हणाले. "पण पाद्री साहेब विद्वान. त्यांच्यापुढे 'इस्ट'च गेलं पाहिजे. आणि बरं का, नियमानं शब्दाच्या आरंभी 'स' आला की त्याचा 'झ' होतो. म्हणजे सातारा न म्हणता झातारा म्हणायचं."

"झातारा?" केरबाचा आवाजच चढला. "आमच्या साताऱ्याला झातारा? आनाबाईनं बी कवा असं म्हनलं न्हाई! ती सात्ताराच म्हनायची."

"तिला नियम माहीत नसेल," मास्तर समजुतीनं म्हणाले.

असे ते दिवस गेले. मास्तर सूर्य मावळायच्या आत जेवायचे, केरबाही त्यांच्याबरोबर जेवायचा, आणि मग कृष्णेच्या घाटावर दोघं फेऱ्या घालत निरोप घोकायचे. मास्तरांनी जीव ओतला. एक एक शब्द धुतला, पिळला, वाळत घातला. 'इ'चं 'इख' झालं, 'होइम'चं 'हाइम' झालं. हानेसचा योहान्नेस झाला. फक्त रागाच्या जागेला मास्तर अडले.

"रागावलेय? इतक्या वर्षांनी आईचा पहिला निरोप, आणि त्यात शिव्या घालते? छे. कसंसंच वाटतं. आपण म्हणू, 'तुझ्या वियोगाने मी कष्टी आहे, तू स्वगृही परत यावेस.' भाव तोच. नाही का?"

केरबाला ठाऊक होतं, भाव तोच नव्हता. आनाबाई कष्टी कधी दिसलीच नव्हती, ती संतापलेली असायची. पण मास्तर शिकलेले, प्रेमळ, स्वतःच्या हातानं पाट मांडणारे. केरबानं मान डोलावली आणि कष्टी होणं पाठ केलं.

पौष उजाडल्यावर साताऱ्याला मास्तरही बरोबर निघाले. जर्मन माणसाच्या तोंडून जर्मन ऐकायची त्यांची हौस.

---

पाद्री साहेब छावणीच्या मागच्या वाफ्यात बटाटे काढत होते. उंच, हडकुळे, जाड भिंगांचा चष्मा, दवाखान्यातून उठून आलेल्या माणसाची पिवळी कातडी. हातात खुरपं. पोलिसानं सांगितलं, छावणीच्या साहेबाच्या परवानगीनं थोडा वेळ बोला, मी हाक मारली की निघायचं.

"आपण कोण आहात? आपणांस कोणी पाठविले आहे?" पाद्री साहेबांनी विचारलं. मराठी स्वच्छ, पण छापील पोथीतून कापून काढल्यासारखं.

केरबानं हात जोडले. तोंड उघडलं. आणि मास्तरांनी शिकवलेला निरोप पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, कुठं न अडखळता म्हणून दाखवला. मास्तर बाजूला उभे राहून त्याच्याबरोबर ओठ हलवत होते. त्यांच्या चेहऱ्यावर, पोरगी सासरी नीट नांदतेय असं पाहणाऱ्या बापाचं तेज आलं होतं.

पाद्री साहेब आधी पांढरे पडले. मग त्यांचा चेहरा दगडासारखा झाला.

"हे आपणांस कोणी शिकविले?"

"तुमच्या आईनं, सायेब. आनाबाईनं."

"माझी माता मरण पावली आहे." ते हळू बोलत होते. "आमच्या आळीवर बॉम्ब पडले. तेथील कोणी उरले नाही, असे मला कळविण्यात आले आहे. मी येथेच राहीन, असे साहेबांस सांगितले आहे, आणि उद्या तो कागद जावयाचा आहे. आणि आज आपण येता, आणि रेडिओवरील निवेदकाच्या वाणीने माझी माता मजशी बोलते! ती 'वियोग' म्हणते! 'कष्टी' म्हणते! माझी माता वर्तमानपत्र वाचतानाही अडखळत असे. कृपा करून जा. शोक करणाऱ्या मनुष्याची थट्टा करू नये."

केरबाचे जोडलेले हात तसेच राहिले. त्याला वाटलं होतं, फार तर हसतील. हे वाटलं नव्हतं. आपण आणलेल्या निरोपानं आनाबाई जिवंत व्हायची, ती आपल्याच तोंडानं पुन्हा मेली.

मास्तर पुढं झाले. "साहेब, दोष माझा. शब्द मी धुतले. त्याचा मूळ निरोप वेगळा होता, मला तो अशुद्ध वाटला. मूळ त्याच्याजवळ आहे. केरबा, म्हण बाबा, तुझं पहिलं म्हण."

पाद्री साहेब थांबले. "म्हणा."

केरबानं तोंड उघडलं. "योहान्नेस, इख..."

नाही. त्यानं मान झटकली. "हा... हानेस, इख लेबे..."

पुढं काही येईना. जिथं आनाबाईचा शब्द असायचा तिथं मास्तरांचा शब्द पाट मांडून बसलेला. त्यानं डोळे मिटले, आनाबाईचं तोंड आठवलं, तर तिचे ओठ हलत होते आणि आवाज मास्तरांचा येत होता. एवढा समुद्र ओलांडला, बोटीवर रक्ताची हगवण लागली, शेजारचे दोघं दगावले, तेव्हाही जी वाणी सांडली नाही, ती आपण सांगलीच्या घाटावर, शहाण्यासारखं, आपल्या हातानं सांडून आलो?

"येत न्हाई," तो म्हणाला. "सायेब, गेलं. येत न्हाई."

पाद्री साहेबांनी पाठ फिरवली आणि ते पुन्हा वाफ्यात बसले.

मास्तर वाफ्याच्या कडेला उभे, पांढरेफटक. ते आत येऊ शकत नव्हते. कंदमूळ ते शिवत नसत, आणि उकललेल्या मातीत किती जीव असतील म्हणून पाऊलही घालवेना. फाटकाकडून पोलीस ओरडला, "चला, आवरा आता!"

केरबा निघाला नाही. तो पाद्री साहेबांच्या मागच्या सरीत उकिडवा बसला. साहेब खुरप्यानं माती उकलत पुढं सरकत होते, चांगली नव्हे, नवशिक्यासारखी, अर्धे बटाटे मातीतच राहत होते. केरबाला ते बघवेना. त्याचा हात आपसूक मातीत गेला. बटाटा उपटला, मनगटाच्या मागच्या बाजूवर दोनदा ठोकला, माती झडली, पाटीत टाकला. ठक ठक, धप. दुसरा. ठक ठक, धप. ह्या मातीचा वास वेगळा होता, तांबूस, कोमट. पण हाताला काय त्याचं. हात आपली लय धरून चालले.

तो रडत होता, हे त्याला माहीत नव्हतं. तो बोलतोय, हेही त्याला आधी कळलं नाही.

"...हानेस, इ लेब नो." ठक ठक, धप. "डर फाडर इश गश्टोर्बा, एम बेट, नेत एम क्रिअग." ठक ठक. "स् दाख इश हे..." आणि पुढं आनाबाई दम घ्यायची, कुदळ वर न्यायला, तिथं केरबाही थांबला. मग कुदळ खाली येताना ती जसं दातांतून काढायची तसं, तवा खरवडल्याच्या आवाजात, निघालं: "इ बेन बेस उफ दि! कॉम होइम, नो शिम्फ इ!"

मी तुझ्यावर रागावलेय. घरी ये, मग घालते शिव्या.

पुढचं खुरपं थांबलं होतं.

पाद्री साहेब वळले. चष्मा नाकावरून घसरला होता, तो त्यांनी वर सरकवला नाही. वाफ्यात, मातीत, गुडघ्यांवर ते तसेच केरबाकडे बघत राहिले, आणि त्यांच्या तोंडून जे निघालं ते पोथीतलं मराठी नव्हतं, आणि मास्तरांची जर्मनही नव्हती.

"वो इश से?"

कुठं आहे ती? केरबाला लख्ख कळलं. एका शब्दाचा अडसर नाही, जसं शेजारच्या वस्तीवरून कोणी हाक मारावी.

मग दोघं बोलायला लागले. एकदम, एकमेकांच्या अंगावर, आनाबाईच्या गावच्या बोलीत. घर उभं आहे का? हाय, छप्पर गेलंय. गाय? विकली. कार्ल? धाकट्याचं न्हाई कळलं, रशियात गेला तो गेलाच. आळी जळाली ना? जळाली, पर म्हातारी त्या दिवशी वरच्या रानात होती, माझ्यासंगं, बटाट्यात. आणि बापाला मूठमाती कोणी दिली? आमी चौघा कैद्यांनी, सायेब, खांदा आमीच दिला. हिंदुस्थानी कैद्यांनी बापाला खांदा दिला, आणि मुलगा हिंदुस्थानात कैदी.

कडेला मास्तर आ वासून उभे होते. "अहो केरबा," ते पुटपुटले, "मला एक अक्षर कळत नाही हो. ह्यातलं कुठल्याच पुस्तकात नाही." आणि आश्चर्यानं भरलेल्या त्या चेहऱ्यावर हळूहळू आनंद चढत गेला, अगदी कीर्तन रंगल्यावर चढायचा तसा. त्यांनी हात जोडले. कोणाला जोडले ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

पोलिसानं पुन्हा हाक दिली. पाद्री साहेबांनी केरबाचं मनगट धरलं.

"खरोखर रागावली आहे?" आता ते मराठीत आले होते, पण मराठीचाही कणा मोडला होता. "मी निघालो तेव्हा तिनं दार लावून घेतलं होतं. बोलली नव्हती. इतकी वर्षं मी तिला पत्रं घातली, तिची उत्तरं येत, पण ती उत्तरं गावचा मास्तर लिही. सर्व शुद्ध. 'तुझी प्रेमळ माता.' तिनं मला क्षमा केली असावी असं मी समजलो. खरं सांगा. राग गेला आहे का?"

केरबाला एक क्षण वाटलं, गेलाय म्हणावं. आजारी माणूस. पण धुतलेल्या शब्दांचं काय होतं ते त्यानं आत्ताच पाहिलं होतं.

"न्हाई गेला, सायेब. लय हाय. रोज काढायची तुमचं नाव. कुदळ हाणायची आन् काढायची. 'जीव जाऊस्तवर सोडणार न्हाई मी त्याला,' म्हनायची."

पाद्री साहेबांनी मान मागं टाकली आणि हसले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हसत होते, मोठ्यानं, खडबडीत, इतकं की पलीकडच्या ओट्यावर बसलेल्या बायका उठून उभ्या राहिल्या. फाटकाशी हसलेली ती मडमही त्यांत होती. ती आता हसत नव्हती. पाद्री साहेबांचा असा आवाज तिनं कधी ऐकलाच नव्हता.

"मग ती जगेल," ते म्हणाले. "राग असेपर्यंत ती मरायची नाही. पण मला गेलं पाहिजे. लवकर."

आणि ते उठले. खुरपं तिथंच, टोपी तिथंच, हाताला तांबडी माती तशीच. ते छावणीच्या कचेरीकडे चालू लागले. वाटेत पोलीस आडवा आला, त्याला ते घाईनं काही बोलले, ते पोलिसाला कळलं नाही, कारण ते आनाबाईच्या गावचं होतं. पोलीस नुसताच बाजूला झाला. दार उघडलं, आतल्या साहेबाचा आवाज आला, आणि मग पाद्री साहेबांचा, त्याहून मोठा. "माझं नाव काढा! इथं राहणाऱ्यांच्या त्या कागदावरून माझं नाव काढा!"

मास्तर म्हणाले, "केरबा, चल. आपलं काम झालं. गाडी गाठायची ना?"

"व्हय, आलो," केरबा म्हणाला. पण तो उठला नाही. साहेबानं सरी अर्ध्यावर टाकली होती, उकरलेले बटाटे उन्हात पडून हिरवे झाले असते. "तुमी व्हा फुडं, मास्तर. एवढी सरी वेचून येतो."

मास्तर पुढं गेले नाहीत. वाफ्याच्या कडेनं, जिथं माती उकललेली नव्हती तिथनं पाय टाकत, ते त्याच्या बरोबरीनं चालत राहिले, सरी संपेपर्यंत.